वझेकाकांची स्वस्तातली सुरी

वझेकाका कुणाच्याही हातात सुरी देत नाहीत. ओट्यावर ठेवतात, एक पाऊल मागे सरतात आणि म्हणतात, “हं, उचल आता.” हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं म्हणे. काका इथे कॅनडात, कॅल्गरीतल्या एका तेल कंपनीत तीस वर्षं इंजिनियर होते. “तत्त्वतः माझा ह्यावर विश्वास नाही,” ते सांगतात. “पण रिस्क कशाला?”

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. स्वयंपाकघर वरचं, दोघांत एकच. म्हणजे रोज कांदा चिरताना हा विधी आलाच. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे काकांना वाटतं की मला सगळं पटतं.

ऑक्टोबरात एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं, की एक सुरी घ्यायची आहे. छोटी, हलकी, स्वस्त. धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला जाताना कमरेला लावायची. काका चातुर्मासात लसूणसुद्धा खात नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“माझ्यासाठी नाही गं. रोहनसाठी.”

रोहन त्यांचा मुलगा. ह्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने शिकारीचं लायसन्स काढलं, तेव्हा काका म्हणाले होते, असले हात घेऊन माझ्या घरात यायचं नाही. तो आला नाही. आता रविवारी येणार होता, तेही गॅरेजमध्ये पडलेले, बर्फात लावायचे विंटर टायर न्यायला. मेसेजमध्ये लिहिलं होतं, दहा मिनिटांत निघेन.

म्हणजे सुरी निवडायला सहा दिवस आणि द्यायला दहा मिनिटं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद, म्हणून ड्रायव्हर मी.

पहिल्या फेरीत चार सुऱ्या घरी आल्या. घडीची सुरी उघडताना टक् असा आवाज आला. “बाद. हरीण ऐकेल.” काळ्या मुठीची त्यांनी बॅकयार्डातल्या पाचोळ्यात भिरकावली आणि मला शोधायला सांगितली. वीस मिनिटांनी ती सापडली, तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, “बाद.” उरलेल्या दोन रात्रभर फ्रीजरमध्ये, माझ्या पनीरशेजारी. सकाळी काका बर्फ उपसायचे जाडे ग्लव्हज घालून ओट्याशी उभे, समोर अख्खा लाल भोपळा. “थंडीत पकड कशी राहते ते बघतोय.” पकड राहिली नाही. भोपळा आम्ही चार दिवस खाल्ला.

मग दुसरं दुकान. मग तिसरं. तिथल्या माणसाने केशरी मुठीची एक बुटकी सुरी सभ्यपणे, मूठ पुढे करून काकांसमोर धरली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “ऑन द काउंटर, प्लीज.” तो हसला. काका हसले नाहीत. मी शेजारच्या मासेमारीच्या गळांमध्ये फार रस असल्यासारखं केलं. सुरी काउंटरवर आली, तेव्हा काकांनी उचलली, डोळ्यांजवळ नेली. घडी नाही, आवाज नाही, साधं प्लास्टिकचं म्यान. मग त्या माणसाने लाकडी मुठीची, फारच देखणी एक सुरी काढून ठेवली. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. “नको. ही स्वस्तातलीच द्या.”

गाडीत माझा संयम सुटला. “काका, दोन वर्षांनी मुलाला काहीतरी देताय. चांगली घ्यायची ना!” काकांशी मी आजवर बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

काका सीट बेल्टशी झटापट करत होते. “महाग घेतली तर थँक यू म्हणून परत करेल. स्वस्त असली की राहू दे म्हणेल. ठेवून घेईल.” बेल्ट लागला. “मागे त्याच्या वाढदिवसाला केकची सुरी मी घाईत त्याच्या हातात दिली होती. त्याच संध्याकाळी त्या लायसन्सवरून आमचं वाजलं. तत्त्वतः काही संबंध नाही.”

मी गाडी सुरू केली.

रविवारी रोहन आला. घरात आला नाही, गॅरेजमध्येच उभा राहिला. “रोड्स कसे होते?” “फाइन.” मी एक टायर ढकलत गाडीपर्यंत नेला. चार मिनिटं गेली. काकांनी खिशातून सुरी काढली, उरलेल्या टायरांच्या चळतीवर ठेवली आणि एक पाऊल मागे सरले.

“तुझ्या शिकारीसाठी. स्वस्तातली आहे. हरवली तरी चालेल.”

रोहनने ती उचलली, म्यानातून काढली, तळहातावर तोलली. “इट्स लाइट.”

“फ्रीजरमध्ये ठेवून बघितलीये,” काका म्हणाले. “ग्लव्हज घालून.”

रोहनने वर बघितलं. उरलेले तीन टायर एकत्र दोरीने बांधलेले होते. काकांनीच दोन वर्षांपूर्वी बांधलेली, सात गाठींची दोरी. “थांब, मी कापतो,” म्हणत काकांनी घाईघाईत हात पुढे केला. रोहनने सुरी उलटी धरली, मूठ बापाकडे केली, आणि मध्येच थांबला. सुरी त्याने परत टायरवर ठेवली. एक पाऊल मागे सरला.

“ठेवलीये, बाबा.”

काकांना ती उचलायला फार वेळ लागला. दोरी तर त्यांना दिसतच नव्हती. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. शेवटी मीच आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला.