लॅपटॉपचे तीन दर आणि सिंचनाचा पेपर

प्रत्येक वस्तूला एकच किंमत असते, हा समज अप्रगत समाजात आढळतो. प्रगत समाजात वस्तू एक असते आणि किमती माणसागणिक. ग्रीसमधल्या आमच्या कावाला शहरात पूर्ण किंमत मोजणाऱ्याला कोणी श्रीमंत म्हणत नाही. 'बिचाऱ्याला कोणी नाही' असं म्हणतात. (या विषयावर मी बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात रीतसर पाहणी केली. शंभरातल्या सत्त्याण्णवांनी आयुष्यात कधीही पूर्ण किंमत दिलेली नव्हती. उरलेले तिघे पर्यटक होते.)

ऑगस्टअखेर माझ्या मुलीला, आसिमिनाला, एका डच कंपनीत नोकरी लागली. काम घरून, पगार महिना सोळाशे युरो, रुजू होण्याची तारीख एक ऑक्टोबर. अट एकच: लॅपटॉप स्वतःचा हवा. घरातला जुना लॅपटॉप चालू होईपर्यंत माझी कॉफी पिऊन होते. (एका कॉफीला मी दीड तास घेतो.)

दुकानात तिने एक पसंत केला. पत्रकानुसार दर असे होते: सर्वसाधारण आठशे नव्व्याण्णव युरो; विद्यार्थ्यांना आठशे नऊ; कर्मचारी व त्यांच्या निकटच्या नातेवाइकांना सातशे एकोणऐंशी.

"बाबा, माझ्याकडे नऊशे आहेत. घेऊन टाकते," मुलगी म्हणाली.

"आहेत म्हणून द्यायचे? लोक काय म्हणतील?"

दुकानात तेव्हा लोक नव्हते, पण तत्त्व होतं.

मुलगी स्वतः विद्यार्थी उरली नव्हती. चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने चारच वर्षांत संपवला. आजच्या पिढीला दम म्हणून नाही. मी मात्र थेस्सालोनिकीच्या विद्यापीठात एकतीस वर्षं शेतकीचा विद्यार्थी होतो. सिंचन हा एकच विषय जपून मागे ठेवला होता. त्या एका विषयावर बसचं अर्धं तिकीट, नाटकं आणि संग्रहालयं सुखाने चालली होती. (पोटापाण्यासाठी मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. त्याचा इथे संबंध नाही.)

ओळखपत्राचं नूतनीकरण करायला गेलो, तर कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "काका, नवा नियम आलाय. सप्टेंबरात परीक्षेला बसला नाहीत, तर नाव कटणार."

"पास व्हावं लागेल?"

"एकतीस वर्षांत कोणी सांगितलंय का तुम्हाला पास व्हायला?"

योजना निर्दोष होती: बसायचं, नाव लिहायचं, उठायचं. पण तिसऱ्या प्रश्नात किवीच्या बागेला पाण्याचा जो दाब दिला होता, त्याने सगळ्या नळ्या फुटल्या असत्या. असलं माझ्या डोळ्यांना सोसवत नाही. मी चूक दुरुस्त केली, कारण लिहिलं, आकृती काढली, दोन पुरवण्या घेतल्या. दहापैकी आठ पडले. विद्यापीठाने माझं अभिनंदन केलं, पदवी दिली आणि ओळखपत्र काढून घेतलं.

तोवर महिना संपला. डच लोकांनी (माणसं धीराची) पंधरा दिवसांची मुदत वाढवून दिली.

मग मी कर्मचारी दराकडे वळलो. मुलीच्या बाप्तिस्म्याला जो धर्मबाप म्हणून उभा राहिला, तो लाझारोस त्याच दुकानात फ्रिज विकतो. "अरे स्तेर्यो, धर्मबाप म्हणजे बापच की रे! अर्ज टाक," तो म्हणाला. अथेन्सच्या मुख्य कचेरीने कळवलं की आध्यात्मिक नातं निकटचं मानण्यास हरकत नाही, बिशपच्या कचेरीचा दाखला जोडावा. दाखल्यावर सही करणारे पाद्री एकांतवासाला गेले होते. एकांतात फोन लागत नाही.

"बाबा, मुदत मंगळवारी संपतेय," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकशे वीस युरोंसाठी थांबायचं?"

"एकशे वीस युरो काय झाडाला लागतात?"

दाखला एकवीस तारखेला आला. त्यावर तीन शिक्के आणि दोन सह्या होत्या, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. नोकरी सोळा तारखेलाच दुसऱ्या कोणाला गेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हेही इथे नमूद करतो. मुलीने माझं ताट झाकून ठेवलं आणि ती आपल्या खोलीत गेली.

लाझारोस मात्र नात्याला जागला. त्याने खटपट करून तिला त्याच दुकानात, लॅपटॉपच्या काउंटरवर चिकटवलं. पगार साडेसातशे. आता सातशे एकोणऐंशीचा दर तिला स्वतःच्या हक्काने लागू आहे, कोणा बिशपचा दाखला लागत नाही. लॅपटॉपची तिला गरज उरलेली नाही.

काही वाचकांनी मला मनातल्या मनात मूर्ख म्हटलं असेल. तो त्यांचा अधिकार आहे. पण आठशे नव्व्याण्णवातून सातशे एकोणऐंशी गेले की एकशे वीसच उरतात ना, हे तुम्ही मघाशी गुपचूप ताडून पाहिलंत. मुलीचं नाव मी एकदाच सांगितलं होतं. वर न बघता आठवतंय का, तेवढं बघा.