मोहीम ग्लेनिसबाई टकवेल यांची, रारोटोंगाच्या दर्यावरील

ज्याणे खारे पाणी निर्मिले आणि त्यात उतरण्याची सक्ती कोणावर केली नाही, त्या दयाळूस वंदन करोन ही हकीकत लिहावयास घेतली.

आम्हा ऑस्ट्रेलियातील डबो गावकरांचा मुलूख मेंढरांचा आणि गव्हाचा, दर्यापासोन बहुत आत. तेथे शाळेच्या बसचे सारथ्य सौभाग्यादिसंपन्न, अखंडितप्रतापी ग्लेनिसबाई टकवेल करीत. गावच्या तलावात बाईंचा दरारा ऐसा की पाणी आपण होवोन बाजूस सरे. परंतु दर्याचे नाव निघता मुद्रा पांढरी पडे. कारण की बालपणी किनाऱ्यास गेल्या असता ओढीच्या लाटेने त्यांस पाय धरोन नेले, आणि वडिलांनी केसास धरोन परत आणिले, आणि तेव्हापासोन बाई दर्यात घोट्यापलीकडे भिजल्या नव्हत्या.

मग त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, भाजलेले कोकरू पानात असता, धाकट्या भगिनी रेलीनबाई यांणी जिव्हेची समशेर उपसिली.

"ग्लेन, पन्नाशी आली तरी समुद्र दिसला की बसची चावी शोधतेस तू!"

"मला आवडत नाही तो. बास."

"आवडत नाही म्हणे! तंतरते म्हण ना सरळ!"

ऐसे भर पंगतीत होता बाई संतप्त जाहल्या, आणि हुकूम सुटला की रारोटोंगा बेटावर पोहणे, मग सायकल, मग धावणे ऐशी तिहेरी झुंज होते, तीत आम्ही खासा उतरणार. पुडिंग येईतो हुकमाची खबर गावभर जाहली, आणि माघारीचा रस्ता बंद जाहला.

मग दोघी भगिनी विमानारूढ होवोन बेटावर दाखल जाहल्या, आणि झुंजीचे सकाळी किनाऱ्यावर फौज जमली, आणि कर्णा वाजला, आणि अवघी फौज आरोळ्या देत पाण्यात शिरली, आणि रेलीनबाईही शिरल्या, आणि ग्लेनिसबाई वाळूतच उभ्या राहिल्या. पाय हुकूम मानीनात. परतोन गावास तोंड कैसे दाखवावे, आणि पुढे जावे तरी कैसे, ऐसा बिकट प्रसंग पडला.

त्या समयी पहाऱ्याची होडी घेवोन मामा तुआइने जवळ आल्या. त्या बेटावर वडील बायकांस मामा म्हणावयाचा रिवाज. वाचकांनी मिशा शोधू नयेत.

"काय गं पोरी, फोटोची वाट बघतेस होय?"

"मामा, मला नाही जमणार. तो मला एकदा ओढून घेऊन गेला होता."

"हाच?"

"हा नाही... दुसरा."

"मग याच्यावर कशाला डूख धरतेस? चल. रडायचं तर पाण्यात रड, तिथं कोण बघतंय!"

बाईंस हसू आले, आणि हसता हसता त्या कमरेपर्यंत गेल्या, आणि मग सुटल्या. प्रथम तळीची वाळू दिसत होती तोवर ठीक चालले. मग वाळू गेली, आणि खाली नुसते निळे उरले, आणि छातीत नौबत झडो लागली, आणि दम पुरेना. इतक्यात पाठीमागोन पावलास काही लागले. बाईंनी ऐशी किंकाळी फोडिली की कड्यावरील पक्षी उठोन गेले.

"सॉरी! सॉरी! मी आहे, ऑर्मस्बी!"

पाहतात तो न्यूझीलंडच्या गोअर गावचे हवालदार ब्रॅम ऑर्मस्बी, देहाने दांडगे, आणि डोळे विस्फारलेले.

"ताई, मला फार भीती वाटतेय. म्हणून तुमच्या मागे मागे येतोय. तुम्हाला सवय दिसतेय."

"मला?" बाई बोलल्या, आणि खारे पाणी गिळोन गेल्या. मग आपणाहोन अधिक भ्यालेला मनुष्य पाहोन त्यांचे कंठी तो बसचा आवाज प्रकटला, ज्यापुढे सहावीचा वर्ग थरथरे.

"ऑर्मस्बी! पाय धरायचे नाहीत! वळवळ बंद! मी थांबले की थांबायचं, मी निघाले की निघायचं!"

"हो, ताई!"

ऐशी दोघांची फौज चालली. बाई पुढे, हवालदार पिछाडीस, आणि बाजूस होडीत मामा मोठ्याने गात. बाई दर थोड्या वेळाने मागे पाहोन दटावीत, आणि त्या गडबडीत आपण भ्यावयाचे राहोन गेले हे किनारा लागल्यावर ध्यानी आले. पाय वाळूस टेकता बाई खदखदा हसो लागल्या. हवालदारांनी त्यांस आनंदे उचलिले, मग शरमोन खाली ठेविले, आणि सायकलीवर बसोन निघोन गेले.

बाईही सायकलीपाशी गेल्या. शिरस्त्राण चढविले, आणि वळोन दर्याकडे पाहिले, आणि शिरस्त्राण काढोन दांडीस अडकविले.

"अहो बाई, तिकडे कुठं? रस्ता इकडं आहे!" पंच ओरडले.

"सायकल तर डबोलाही आहे. हे तिथं कुठंय?"

ऐसे बोलोन बाई धावत पाण्यात गेल्या, यावेळी कोणी न डिवचता.

रेलीनबाई झुंज पुरी करोन, घामाघूम, भगिनीस धुंडीत आल्या, तो ग्लेनिसबाई निळ्या पाण्यावर उताण्या, हात पसरोन, मामांशी गप्पा करीत.

"ग्लेन! अगं मी तिकडं घाबरून मेले! बाहेर ये!"

"तू आत ये. तंतरली काय?"

तेव्हा रेलीनबाई बुटांसकट पाण्यात शिरल्या.

येणेप्रमाणे पंचांचे दप्तरी झुंज अपुरी, आणि दर्यावर फत्ते पुरी जाहली. मामांनी सांजपर्यंत विनविले, तरी विजयी स्वारी पाण्याबाहेर येईना.