हरकतीची वेळ : दुपारी एक ते चार

कसबा पेठेत दुपारी एक ते चार या वेळात काहीही घडत नाही. हे आपोआप होत नाही; त्यासाठी पेठेतल्या कित्येक पिढ्यांनी कष्ट घेतले आहेत. गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत, पाहुण्यांना दारातच उभं करून 'चारनंतर असतो आम्ही' असं सांगितलं आहे. मकबूल नदाफ यांच्या गादीच्या दुकानावरही तशीच पाटी होती : 'दुकान १ ते ४ बंद. या वेळात आम्ही स्वतःचा माल तपासत असतो.' तपासणी रोज होई आणि माल रोज पास होई.

अशा या पेठेत एका बलाढ्य देशाची कंपनी शिरली ती मकबूल नदाफ यांच्या मुलीमुळे, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं.

सुरय्या नववीत होती आणि तिला नुकताच आत्मविश्वास आला होता. त्याआधी ती शेवटून तिसऱ्या बाकावर बसून सगळी उत्तरं मनातल्या मनात देत असे. मग आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिल्या नंबराच्या मुलीनं प्रमाणपत्र घेतलं आणि ती घरी गेली; सुरय्या मात्र थांबायलाच तयार होईना. भाजीवालीला कोथिंबीर कशी मांडावी हे तिनं सांगितलं. प्रार्थना किती लांबावी हे मुख्याध्यापिकांना सांगितलं. अम्मीला बिर्याणीतल्या मिठाबद्दल सांगितलं, आणि त्या दिवशी जरा कमी जेवायला मिळालं.

नेमकी त्याच सुमारास 'नॅपोनिया' कंपनी शाळेत आली. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक गोरा माणूस समुद्रकिनारी झोपलेला दिसला आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून उल्का मॅडम बोलू लागल्या. त्या कर्वेनगरच्या, आणि त्यांचं पद 'निद्रा-भागीदारी व्यवस्थापक' असं होतं. त्या म्हणाल्या की पुणेकरांची दुपारची झोप हा जगाचा ठेवा आहे, फक्त तो अजून प्रमाणित झालेला नाही. कंपनी प्रत्येक घरी गादीखाली ठेवायची एक तबकडी फुकट देणार. ती झोप मोजणार, गुण देणार. या महान कार्यासाठी पेठेपेठेतून एक 'निद्रादूत' हवा आहे, असं त्या सांगणार होत्या. वाक्य पुरं व्हायच्या आत सुरय्याचा हात वर गेला होता.

तिथल्या तिथे तिनं भाषणही ठोकलं. "आमच्या पेठेत भूकंप झाला तरी चारच्या आधी कुणी उठणार नाही," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. उल्का मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं. आपलं वाक्य कुणी लिहून घेतंय, याचा सुरय्याला इतका आनंद झाला की ते कशासाठी, हे विचारायचं राहिलं.

आळीत तबकड्या वाटताना खरा अडथळा एकच होता. गोपाळकृष्ण आगाशे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, समोरच्या पहिल्या मजल्यावर राहणारे, आणि फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे चष्मा वर करून बघणारे.

"फुकट देतायत, मग घेतात काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका. फक्त तुमची झोप कशी आहे, ते."

"मग न्या. भरपूर आहे."

पहिल्या आठवड्याचे गुण आले आणि पेठ ढवळून निघाली. मकबूल नदाफ, जे 'झोपेला कसले गुण' म्हणून कुरकुरत होते, त्यांना आळीत सर्वांत जास्त गुण मिळाले. त्यांनी मोबाइलवरचा तो आकडा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, गादी घेणाऱ्याला आणि पत्ता विचारणाऱ्यालाही. आगाशेकाका मात्र जेमतेम काठावर पास झाले. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. "नोकरीचा सगळा काळ मी दुपारी झोपत आलोय," ते म्हणाले, "आणि तेही खुर्चीत. मला हे झोप शिकवणार?"

मग कंपनीनं पेठवार क्रमांक जाहीर केले. कसबा पेठ पहिली, शनिवार पेठ दुसरी. इतकी वर्षं आपण छान झोपतो हे पेठेला ठाऊक होतं, पण ते परदेशातून कळल्यावर जी मजा आली ती वेगळीच होती. लोक क्रमांक टिकवायला झोपू लागले. मसाल्यांचा गृहउद्योग चालवणाऱ्या मंदाकिनीबाईंनी दुपारचं कांडण बंद केलं. पोस्टमनला चपला काढून यायला सांगण्यात आलं. त्या बलाढ्य देशाचे वाणिज्यदूत पेठ पाहायला आले ते नेमके दोन वाजता, त्यामुळे त्यांचं स्वागत करायला एकही माणूस जागा नव्हता. ते अतिशय प्रभावित होऊन परत गेले. पुढे कळलं की दोन्ही सरकारांत 'विश्रांती सहकार्य करार' झाला आहे. ते आपले आंबे घेणार आणि आपण त्यांना झोप देणार. आगाशेकाकांनी संबंधित खात्याकडे विचारणा केली, तेव्हा करार राष्ट्रहिताचा असल्याचं लेखी उत्तर आलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि आंबे कुठले जाणार, हापूस की पायरी, एवढीच शंका काढली.

यानंतर सगळ्यांच्या फोनवर एक सूचना आली. कापसाच्या गादीवरची झोप शास्त्रीयदृष्ट्या अचूक मोजता येत नसल्यामुळे यापुढे ती ग्राह्य धरली जाणार नाही. ज्यांना क्रमांकात राहायचं आहे त्यांनी नॅपोनियाची अधिकृत फोमची गादी घ्यावी. हा बदल कुणावरही लादला जाणार नाही. येत्या बुधवारी दुपारी एक ते चार या वेळात ज्यांना हरकत असेल त्यांनी गादीवरून उठून उभं राहावं. तबकडी त्याची नोंद घेईल. आळीतले निम्म्याहून अधिक लोक उठले, तर निर्णय रद्द. जे उठणार नाहीत त्यांची संमती समजण्यात येईल.

सुरय्यानं सूचना वाचली तेव्हा अब्बा दुकानात गादीला टाके घालत होते. त्या आठवड्यात उसवून, पिंजून, पुन्हा भरायला म्हणून आलेल्या गाद्या लोक एकेक करून परत मागून नेत होते. 'राहू दे मकबूलभाई, आता नवीनच घ्यायची म्हणतोय,' असं म्हणत होते, आणि 'राग नाही ना?' असंही विचारत होते. मकबूलभाई राग नाही म्हणत होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. कापूस आणि सुई, बस.

सुरय्या निद्रादूताचा टी-शर्ट घालून तडक कर्वेनगरला गेली. उल्का मॅडमनी तिला कॉफी दिली.

"मॅडम, माझ्या अब्बांचं दुकान बंद पडेल."

"म्हणूनच तर हरकतीची सोय ठेवलीय ना. आपली कंपनी कुणाचं ऐकून घेतल्याशिवाय काही करत नाही."

"पण एक ते चार? त्या वेळेला पेठेत कोण उठेल?"

"मुख्यालयानं सकाळी अकराची वेळ ठरवली होती," उल्का मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, स्थानिक परंपरेचा मान राखायला हवा. तुझं ते भूकंपाचं वाक्य दाखवलं त्यांना. फार आवडलं."

सुरय्या घरी परतली ती बसमध्ये एक शब्दही न बोलता. तिच्यासाठी हा विक्रम होता. पण आत्मविश्वास ही अशी वस्तू आहे की ती एकदा घरात आली की सहजासहजी जात नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचा बेत तयार झाला. आळीला फक्त उठायचं होतं. मोर्चा नको, उपोषण नको, एकदा उठून उभं राहायचं आणि वाटलं तर परत झोपायचं. इतकी स्वस्त क्रांती जगात कुणाला मिळाली होती? बुधवारी बरोबर अडीच वाजता ती आळीच्या मधोमध उभी राहून ताट बडवणार होती, आणि त्या आवाजावर सगळ्यांनी उठायचं होतं.

पुढचे दिवस ती शाळेआधी आणि शाळेनंतर दारोदार फिरली. पाठिंबा सगळ्यांनी दिला. कसबा पेठेत पाठिंब्याला कधीच तोटा नसतो. मंदाकिनीबाई म्हणाल्या की त्या नक्की उठतील, फक्त समोरचे उठल्याचं आधी दिसू दे. आगाशेकाका तर संतापलेच होते.

"उठेन म्हणजे काय, उठणारच. गुलामगिरी आहे ही. फक्त अडीचच्या ऐवजी साडेतीन कर. दोन ते तीन माझी गाढ असते."

"काका, क्रांती आहे ती."

"हो, मग जरा हळू वाजव."

ताट वाजवून लोकांची झोपमोड कशाला, एवढंच अब्बा पुटपुटले. सुरय्याला त्यांचा रागच आला. ज्यांच्यासाठी आपण एका बलाढ्य देशाशी लढतोय, त्यांना लढ्यातलं काहीही कळत नाही, असं तिचं मत झालं.

बुधवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. आठवडाभराची पायपीट झाली होती, पहाटे उठून फलक रंगवले होते. अम्मीनं, म्हणजे नसीमबानूंनी, लढायला जाणाऱ्या मुलीनं पोटभर जेवावं म्हणून दालचा-भात केला होता, आणि या वेळी मिठाबद्दल सुरय्या काही बोलली नाही. दोनदा वाढून घेतलं. जेवण झालं तेव्हा दोनला थोडा वेळ होता. ताट मांडीवर आणि पळी हातात घेऊन ती अब्बांनी भरलेल्या गादीवर बसली. भाषणाची एकदा उजळणी करावी म्हणून तिनं पाठ टेकली. 'बंधूंनो आणि भगिनींनो, उठा' एवढं सुरुवातीचं वाक्य तिला चांगलं आठवत होतं.

"चहा घे," अम्मी म्हणाली. "चार वाजून गेले."

आळीत बाहेर कपबश्यांचे आवाज सुरू झाले होते. सुरय्या पळी हातात घेऊन तशीच बाहेर धावली. आगाशेकाका गॅलरीत उभे होते.

"अगं, आम्ही तुझ्या ताटाची वाट बघत होतो," ते म्हणाले. "मी डोळे मिटून अगदी पूर्ण तयारीत होतो." मंदाकिनीबाईंनीही खिडकीतून मान हलवली, त्यांनी तर कुशीसुद्धा बदलली नव्हती, तबकडीचा गैरसमज होऊ नये म्हणून.

कंपनीचा निकाल पाचच्या आत आला. आळीनं प्रस्तावाला भरघोस संमती दिल्याबद्दल नॅपोनिया आभारी आहे. हरकत फक्त एक आली. नदाफ, मकबूल : एक ते चार, अखंड उभे. सदर व्यक्तीस निद्रानाशाचा विकार असल्याचं दिसून येत असून तिनं अधिकृत गादी घेणं अत्यावश्यक आहे.

सुरय्या दुकानात गेली. अब्बा अजून उभेच होते.

"तुम्ही जागे होतात. मला उठवलं का नाही?"

"आलो होतो उठवायला," अब्बा म्हणाले. "दोनदा आलो. पण इतकी गाढ झोपली होतीस, बेटा. मी भरलेल्या गादीवर कुणी असं झोपलेलं या महिन्यात बघितलंच नव्हतं. दुकानदारानं शेवटचं गिऱ्हाईक कसं उठवायचं?"

त्या दुपारी सुरय्याला शंभरपैकी शंभर गुण मिळाले होते. आळीत ते आजवर कुणालाही जमलं नव्हतं. अम्मीनं तिचा झोपेतला फोटो काढून मामींना पाठवला होता, फार गोड दिसत होती म्हणून. तो मामींकडून कंपनीकडे कसा गेला हे कुणाला समजलं नाही, पण तेही संमतीत होतंच. महिन्याभरात पुलाशेजारी भलामोठा फलक लागला. त्यावर सुरय्या झोपली होती, मांडीवर ताट, हातात पळी, तोंड किंचित उघडं. अंगाखालची कापसाची गादी पुसून तिथे फोमची बसवली होती. खाली लिहिलं होतं : 'कसब्याची निद्रादूत म्हणते, माझी काही हरकत नाही.'

वक्तृत्वात तिला उत्तेजनार्थच मिळालं होतं. न बोलता मात्र ती साऱ्या शहरात पहिली आली. शाळेनं सत्कार ठेवला आणि ती गेली. भाषण करायला सांगितलं, तेव्हा तिनं केलंही, आणि खरं सांगायचं तर ते बरं झालं.

मकबूल नदाफ यांनी दुकान विकलेलं नाही. गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा दुपारी बंद ठेवण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्यांनी पाटी तेवढी बदलून घेतली. मजकूर सुरय्यानं लिहून दिला : 'दुकान १ ते ४ उघडं आहे. उठलात तर या.'

ही हकिगत वाचून तुम्हालाही चीड आली असेल. कंपनीची येईल, त्या देशाची येईल, सुरय्याची तर येणारच. एखादी कापसाची गादी भरून घ्यावी, असंही मनात आलं असेल. जरूर या, मकबूलभाई उभेच आहेत. आत्ता नको म्हणता? बरं. चारनंतर बघू.