खिडकीत न बसलेला कूलर

दुपारचे बारा वाजले की गोपाळच्या लॅपटॉपवरचं नेट जायचं. सकाळी सहाला फर्स्टक्लास, संध्याकाळी फर्स्टक्लास, आणि बाराच्या ठोक्याला पडद्यावर ते गोल गोल फिरणं सुरू. दोन मिनिटं यायचं, पाच मिनिटं रुसून बसायचं. चार दिवस पाहिल्यावर गोपाळने शोध लावला.

"शाळा सकाळची. बारापर्यंत घरी कोण येते?" त्याने शारदाला विचारलं.

"तुम्ही येता."

"माह्यं सोड. आल्हाद येते. आला की आपल्या वायफायवर बसते बसून."

आल्हाद म्हणजे शेजारी. जळगाव जामोदच्या एकाच शाळेत दोघेही शिक्षक, घराला घर लागून. वयाने गोपाळहून बारा वर्षांनी लहान आणि बाकी सगळ्यात पुढे, हेच गोपाळचं दुखणं होतं. गेल्या साली ऑनलाइन प्रशिक्षणासाठी तालुक्यातून मार्गदर्शक म्हणून आल्हादची निवड झाली, पेपरात फोटो आला. तो पेपर शारदाने सहज फडताळात अंथरला. तेव्हापासून गोपाळने साखरेचा डबा उचलला की खालून आल्हाद हसायचा. बिनसाखरेचा चहा परवडला, असं त्याला वाटायचं.

यंदा गोपाळला ती जागा हवी होती. गुरुवारी दुपारी तीनला शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर ऑनलाइन पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय अपूर्णांक. तयारी चोख होती, फक्त नेट नव्हतं.

त्याने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी बाराला नेट गेलं. म्हणजे आल्हादने ओळखला. त्याने सासूबाईंचं माहेरचं नाव टाकलं. तरी गेलं.

"हे त्याले कोणं सांगतलं?" गोपाळने शारदाकडे रोखून पाहिलं.

"माह्या मायचं माहेरचं नाव त्याले सांगाले जाऊ का मी? काई बी बोलता."

मग एका दुपारी विरजण मागायच्या निमित्ताने वाटी घेऊन तो स्वतःच शेजारी गेला. आल्हाद लॅपटॉपवर कसलंसं व्याख्यान पाहत होता, आणि ते एकदाही न अडखळता चाललं होतं. "वायफाय कोणाचं हे?" गोपाळने हसत विचारलं.

"आपलंच, सर," आल्हाद म्हणाला.

आपलंच. गोपाळ वाटी तिथेच विसरून घरी आला. त्याच्या अंगाचा भडका उडाला होता. त्याने शर्ट काढला आणि कूलर फुल केला.

या कूलरचंही सांगायला हवं. मार्चात आल्हादच्या खिडकीत नवा कूलर लागला. आठ दिवसांत गोपाळने खामगावहून त्याच्यापेक्षा वीतभर उंच, चांगला जाड पत्र्याचा कूलर आणला. घरी आल्यावर कळलं की तो खिडकीत बसत नाही. परत न्यावा तर शेजारी बघणार. मग चाकांचा स्टँड केला. सकाळ-संध्याकाळ कूलर ओसरीत उभा राहायचा. दुपारी गोपाळ शाळेतून आला की शारदा तो ढकलत मधल्या दारात आणायची आणि काठोकाठ पाणी भरायची. बैठकीत वायफायचा डबा, आतल्या खोलीत गोपाळ, आणि मधलं दार बुजवून शंभर लिटरचा कूलर.

नेट गेलं की गोपाळला आल्हाद आठवायचा. आल्हाद आठवला की अंग तापायचं. मग तो ओरडायचा, "पाणी टाक अजून." शारदा दोन बादल्या ओतायची आणि नेट उरलंसुरलंही जायचं.

गुरुवारी पावणेतीनला त्याने लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. साहेबांचा चेहरा एकदा दिसला, तोंड उघडं असतानाच थिजला आणि नाहीसा झाला.

"बसला तो मंधात," गोपाळ दात चावत म्हणाला. "आज माहा पाठ आहे माहीत आहे त्याले. शारदा, पाणी टाक."

"आताच टाकलं."

"अजून टाक. माह्यं डोकं तापून राह्यलं."

शारदाचं डोकं त्याच्याआधीच तापलं होतं. बारापासून ही सहावी बादली. तिने बादली खाली आदळली. "तुमच्या डोक्याले कूलर पुरत नाही. मीच बसतो आता याच्यासमोर," असं म्हणत तिने स्टँडला धक्का दिला आणि कूलर गडगडत स्वयंपाकघरात नेला.

पडद्यावर साहेबांचं तोंड मिटलं. "गोपाळ सर, आवाज येतोय का?"

गोपाळने साहेबांकडे पाहिलं, मोकळ्या दारातून आता थेट दिसणाऱ्या वायफायच्या डब्याकडे पाहिलं. कूलरकडे पाहायची त्याला लाज वाटली. पाऊण तास त्याने चव्वेचाळीस डिग्रीत अपूर्णांक शिकवले. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि तो सारखे डोळे पुसत होता. साहेब गहिवरून म्हणाले, इतक्या तळमळीने शिकवणारा माणूस फार दिवसांनी पाहिला.

निवड गोपाळची झाली. पेपरात फोटो आला. तो पेपर त्याने स्वतःच्या हाताने फडताळात अंथरला.

आल्हाद अभिनंदनाला आला. तोंडाने "छान झालं, सर" म्हणाला, पण नजर कूलरवरून हलेना. "एवढ्या उन्हात तुम्ही पाऊण तास बोलले. कूलर भारी आहे तुमचा. थंड डोक्यानं बोलता येते माणसाले."

"हाव, त्याचंच आहे सगळं," गोपाळ म्हणाला.

आठवड्याने आल्हादच्या दारात टेम्पो थांबला. गोपाळच्या कूलरहून चांगला हातभर उंच कूलर उतरला, अस्सल पत्र्याचा. तो आल्हादच्याही खिडकीत बसला नाही. चाकांचा स्टँड आला.

चौथ्या दिवशी भर दुपारी आल्हाद वाटी घेऊन दारात उभा. "सर, विरजण आहे का थोडं?" म्हणत तो आत आला, आणि त्याची नजर सरळ गोपाळच्या लॅपटॉपवर गेली. त्यावर व्याख्यान न अडखळता चाललं होतं.

"वायफाय कोणाचं हे?" आल्हादने हसत विचारलं.

"आपलंच," गोपाळ म्हणाला.

आल्हाद वाटी विसरून घरी गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून कूलरमध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला.

"आवो, सांगा न बिचाऱ्याले," शारदा म्हणाली.

गोपाळने चहात दोन चमचे साखर घातली. "सांगतो न," तो म्हणाला. "दोन-तीन पासवर्ड बदलून होऊ दे त्याचे."