पंधराव्या भागातला राक्षस

मराठवाड्यात स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेणारे पुष्कळ असतील. पण टाळाचा ठेका चुकू न देता समोरच्याच्या मनातलं पाप ओळखणारा एकच आहे. विनय आड आला नसता तर त्याचं नाव मी पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. तो मी. मार्तंडराव मुखेडकर, राहणार नांदेड.

एकतीस वर्षं मी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसलो. लोक माझ्याकडे चौकशी करायला येत आणि मी त्यांची करत असे. 'मुदखेडची गाडी किती वाजता?' असं कुणी विचारलं की मी आधी विचारायचो, 'मुदखेडला कोण आहे तुमचं? आणि आजच का?' तोवर गाडी निघून जायची, पण सत्य हाती लागायचं. निवृत्तीनंतर ही दृष्टी मी समाजाला वाहिली. आजवर अकरा प्रकरणं हाताळली. त्यातली नऊ आपोआप सुटली. दोन मी हात घातल्यामुळे अजून चालू आहेत.

माझा दुसरा श्वास म्हणजे कीर्तन. पखवाजावर पहिली थाप पडली की माझ्यातला गुप्तहेर चपलांपाशी थांबतो आणि मंडपात जातो तो फक्त रडायला तयार असलेला एक गृहस्थ. हे मुद्दाम सांगतोय. पुढे काही लोक माझ्या तपासाला नावं ठेवणार आहेत.

शुक्रवारी लातूरहून भाचीचा, ऋतुजाचा फोन आला.

"मामा, माझं पुस्तक गेलं. पंधरावा भाग. आईनंच चुलीत घातला असंल."

"तुमच्या खोलीत गॅस आहे ना गं?"

"मामा, चुलीत घातला म्हणजे… जाऊ द्या. रविवारी संध्याकाळी पाचच्या गाडीनं मी कंधारला चालले. परीक्षा-बिरीक्षा काय देत नसते मी आता."

प्रकरण गंभीर होतं. ऋतुजाची आई सिंधु माझी चुलतबहीण. नवरा कंधारला शेती बघतो आणि ही लेकीबरोबर लातूरला एका खोलीत कुकर, पोळपाट आणि देवाचा फोटो घेऊन राहते. लातुरात अशा आयांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. पोरं क्लासला आणि आया गॅलरीत. प्रत्येक चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे चेहरे एवढे मोठे टांगलेले असतात की कमी मार्कांच्या पोरांना मान खाली घालूनच चालावं लागतं. ऋतुजाला मागच्या वर्षी डॉक्टरकीला चार मार्क कमी पडले. तेव्हापासून ती दुसऱ्यांदा तयारी करत होती, आणि मायलेकींत बोलणं उरलं होतं ते "जेवली का?" आणि "हाव" एवढंच. आता "हाव"सुद्धा बंद झालं होतं.

शनिवारी सकाळी मी लातूर गाठलं. स्टँडवर माझे सहायक शरणप्पा रिक्षा घेऊन उभे होते. हा उदगीरकडचा पन्नाशीचा गडी. बुद्धी बेताची, पण रिक्षा चांगली.

"साहेब, आज काय हरवलं?"

"पुस्तक."

"बरं झालं. मागच्या टायमाला म्हैस हुती. रिक्षात बसंना."

खोलीत फळीवर चौदा जाडजूड पुस्तकं ओळीनं उभी होती आणि शेवटी एका पुस्तकाएवढी फट. ऋतुजानं माहिती दिली. ही इंग्रजीत आलेली जपानी चित्रकथा. नाव 'फुटक्या घंटेचं राज्य'. तिचा खलनायक ओमिगारा: अर्धा चेहरा जळालेला, पाठीला काळे पंख, भूक लागली की गावंच्या गावं गिळतो.

"असल्या राक्षसाची गोष्ट वाचून डॉक्टर होतात?" मी विचारलं.

"तो राक्षस नव्हता, मामा." पोरीचा आवाज बदलला. "गावच्या घंटेवर राखणीला बसवलेला पोरगा होता तो. शत्रू आला की घंटा वाजवायची. एका रात्री त्याला झोप लागली. एकदाच. गाव जळालं. मग आईला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून घरी गेलाच न्हाई. अंधारात गेला. आई मात्र रोज त्याचा वाडगा मांडून ठेवती. शेवटच्या भागात कळणार होतं, तो घरी जातो का न्हाई ते. उद्याची सराव परीक्षा झाली की वाचणार होते. बक्षीस म्हणून ठेवला होता."

कोपऱ्यात सिंधु भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग दुप्पट जोरात चालू झाला. मी हे टिपलं आणि निष्कर्ष काढला: पीठ सैल झालं असावं.

मग मी भिंग काढून फळी तपासली. फटीत बोटाला काळी, सुवासिक पूड लागली. मी हुंगली. बुक्का! कीर्तनात कपाळाला लावतात तोच.

"साहेब, बुक्का हितं कसा?" शरणप्पा म्हणाले.

मी आरशात पाहिलं. माझ्याच कपाळावर बुक्का होता. "माझाच पडला. पुरावा बाद," मी म्हणालो आणि फळी रुमालानं स्वच्छ पुसली. नवखा असता तर इथे फसला असता.

तासाभरात माझ्याकडे दोन संशयित तयार होते. पहिले घरमालक वीरण्णा. आयुष्य डाळमिलमध्ये गेलेलं. त्यांनी मला चहा दिला, बिस्किट दिलं, वर "अजून घ्या की" म्हणाले. निरपराध माणूस इतका आग्रह करत नाही. दुसरी संशयित शेजारच्या खोलीतली मुग्धा. क्लासमध्ये नेहमी पहिली. ऋतुजाचं मन विचलित करून स्पर्धेतून बाद करण्याचा हा कट, हे मी ताडलं. तिला दारात गाठून अचानक विचारलं, "ओमिगारा कुठे आहे?" ती म्हणाली, "कोणत्या चॅप्टरमध्ये येतो, काका? आमच्या सिलॅबसमध्ये न्हाई." केवढी मुरलेली गुन्हेगार!

रविवारी सकाळी ऋतुजा, फी भरलीय म्हणून, शेवटच्या सराव परीक्षेला गेली आणि मी कीर्तनाला. जवळच्या मारुतीच्या देवळात सप्ताह होता आणि त्या दिवशी काला होता. मुदखेडचे ग्यानोबा महाराज कीर्तनाला उभे होते. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा गोड गळ्याचा माणूस. शरणप्पाही माझ्या शेजारी मांडी घालून बसले. बायकांत सिंधु होती.

महाराजांनी दृष्टांत घेतला. काय सांगू! "एका गावात एक माय हुती," ते म्हणाले. "तिचं लेकरू पापात गेलं. काळे पंख फुटले. एक दिवस ते मायच्या दारात आलं, बरं का! उंबऱ्याच्या आत एक पाऊल पडलं. आत वाडगा मांडलेला! पण लेकराला वाटलं, आपली लायकी न्हाई. अन् ते मागं फिरलं. कसं फिरलं? पाठ न्हाई दाखवली माउलीला! देवळातून आपण जसं देवाकडं तोंड करून उलट्या पावली निघतो, तसं उंबऱ्यातून अंगणात, अंगणातून गल्लीत, गल्लीतून वेशीबाहेर…"

असं म्हणत महाराज वीणेकऱ्यापासून थेट मंडपाच्या टोकापर्यंत उलट्या पावली गेले. एका टाळकऱ्याच्या पायावर पाय पडला, पण तोही रडतच होता. मी उपरणं तोंडात कोंबलं. बायकांतून सिंधुचा हुंदका मला स्पष्ट ऐकू आला. "पुढं लढाया झाल्या, गावं पडली," महाराज म्हणाले, "अन् शेवटी ते लहान लेकरू झालं, हातात घंटेची दोरी घेऊन निवांत झोपलं. आधी फळ, मागून कर्म! गहन आहे, माउली, गहन आहे!"

असा दृष्टांत मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. काल्याचा प्रसाद घेऊन, डोळे पुसून, मी ताज्या मनानं तपासाकडे वळलो.

दुपारी तीन वाजता मी सगळ्यांना खोलीत जमवलं. रहस्य असंच उलगडायचं असतं. वीरण्णा खुर्चीवर, मुग्धा पुस्तकासह दारात, सिंधु चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी. ऋतुजा पलंगावर होती. शेजारी तिची बॅग, चेन लावून तयार. पाचच्या गाडीसाठी शरणप्पांची रिक्षा खाली उभी होती.

"या खोलीत एक चोर आहे," मी येरझाऱ्या घालत म्हणालो. खोली लहान असल्यामुळे दोन पावलांतच वळावं लागत होतं. "वीरण्णा! पुस्तकाच्या कागदाचे पुडे बांधून तुम्ही डाळ विकता!"

"अहो, मी रिटायर झालोय. आता डाळ विकत आणतो."

"मुग्धा!"

"काका, माझा पेपर तपासून झाला की बोलू?"

"मग उरलं कोण? ऋतुजा, तू स्वतः! शेवट दुःखी असेल या भीतीनं तूच पुस्तक लपवलंस!"

"मामा," ऋतुजा थंडपणे म्हणाली, "तुमची नांदेडची गाडी कितीला हाय?"

तेवढ्यात शरणप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "साहेब, एक इचारू? सकाळी महाराजांनी सांगितलं ते लेकरू कोन हुतं?"

"तो दृष्टांत होता. मधे बोलू नका."

"न्हाई, त्येला बी काळे पंख हुते. घंटेची दोरी हुती. मायनं वाडगा मांडला हुता."

खोलीत कुकरची शिट्टी झाली. ऋतुजा उठून उभी राहिली. "काय म्हणालात, काका?"

"योगायोग!" मी म्हणालो. "धर्माच्या बाबतीत असं होतं."

सिंधुनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि भिंतीकडे बघत बोलली. "दादा, बसा खाली. मीच नेलं पुस्तक."

ऋतुजा एक पाऊल पुढे आली. "जाळलंस?"

"जाळीन कशाला गं? वाचून राहिले होते. तू क्लासला गेली की दुपारचं. चौदा भाग झाले माझे. मला इंग्रजी येत न्हाई, पर चित्रं तर कळत्यात. ती माय रोज वाडगा मांडती ते कळतंय की मला." तिनं नाक पुसलं. "वरीसभर मी त्याला भुताची पुस्तकं म्हणले. मग कोणत्या तोंडानं सांगू की मलाच त्या पोराचा घोर लागलाय? पंधरावा उघडायचं धाडस व्हईना. म्हणून सप्त्याला आलेल्या महाराजांना दिला. म्हणलं, शेवट तुमी बघा अन् मला सांगा, पोरगं घरी जातं का न्हाई." ती फळीवरच्या फटीकडे वळली. "सकाळी सांगितलं त्यांनी. दारातून परत गेलं म्हणं. उलट्या पावली."

ऋतुजानं विचारलं, "महाराजांनी पुस्तक कोणत्या बाजूनं वाचलं?"

"कोणत्या म्हणजे? आपण वाचतो तसंच. डावीकडून."

"अन् तू? चौदाच्या चौदा?"

"डावीकडूनच की."

ऋतुजाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा. "अगं आई, जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात! आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं!"

शरणप्पा रिक्षा घेऊन देवळाकडे सुटले आणि पंधरा मिनिटांत लाल फडक्यात पोथीसारखं बांधलेलं पुस्तक घेऊन आले. वर बुक्क्याची बोटं उमटली होती. महाराजांचा निरोप होता की चित्रं अप्रतिम आहेत, इंग्रजीचा चष्मा मुदखेडला राहिल्यामुळे तेवढा मजकूर वाचायचा राहिला.

मायलेकी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. ऋतुजानं पुस्तक उजवीकडून उघडलं आणि एकेका चित्राचं मराठी करून सांगू लागली. वीरण्णाही खुर्ची ओढून ऐकू लागले. मुग्धानं स्वतःचं पुस्तक मिटलं, ही लातुरातली त्या दिवसाची सर्वांत मोठी घटना. मी टाळ नव्हते म्हणून नुसताच मांडीवर ठेका धरला.

झोपलेला पोरगा आला. जळालेलं गाव आलं. लढाया आल्या. शेवटची चार पानं उरली तेव्हा सिंधुनं डोळे मिटून घेतले.

"वेशीत आलाय," ऋतुजा म्हणाली. "आता गल्लीत. आता अंगणात, आई. पंख गळून पडलेत."

"मग? परत फिरतो?"

"न्हाई फिरत." ऋतुजानं पान उलटलं. "उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. एवढंच. संपलं."

सिंधुनं डोळे उघडले आणि त्या पावलावर बोट ठेवलं. "अन् माय? ती का दिसंना? मेली का?"

"दाखवलं न्हाई. वाडगा हाय नुसता."

"वाफ निघून राहिली की वाडग्यातून," सिंधु म्हणाली. "म्हणजे आताच वाढून आत गेली असंल. मीठ आणायला."

ऋतुजानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, चार मार्क कमी पडले तवा तू एकदा बी रागावली न्हाईस. म्हणून मला वाटलं, तू मला सोडूनच दिलंस."

"रागवायला तू समोर थांबत हुतीस का? ताट घेऊन कोपऱ्यात जायचीस." सिंधुनं तिच्या डोक्यात हलकीच टपली मारली. "घे. झालं समाधान?"

वेळ बघून खाली गेलेल्या शरणप्पांनी रिक्षाचा हॉर्न वाजवला. पावणेपाच झाले होते.

ऋतुजा गॅलरीत गेली आणि वाकून ओरडली, "शरणप्पाकाका, मी न्हाई जात. मामांना सोडा स्टँडवर."