ऑस्टबीच्या रणी सात मिनिटे का लागली, त्याची कैफियत

श्रीमंत कमिशनरसाहेब, लीगचे खावंद, यांचे सेवेसी रिप्लेच्या खोलीतील, म्हणजे पडद्यावर खेळ पुन्हा पाहून पंचांचे निकाल तपासणारा, सेवक लॉवेल ट्वेट याचा दंडवत. साहेबीं हुकूम फर्माविला की, शनिवारी ऑस्टबीच्या कॉलेजमैदानी अमेरिकी फुटबॉलचे सामन्यात एक निकाल तपासावयास सात मिनिटे का लागली, ते साद्यंत लिहून पाठवणे. त्यास जे घडले तेच लिहितो. पदरची अक्कल घातली नाही, घालावयास फारशी नव्हतीही.

नोव्हेंबरची अखेर, बर्फ पडत होते, आणि बावीस हजार रयत घोंगड्या पांघरून बसली होती. पंचांचे सरदार डुएन ब्रेके, आमचे तीस वर्षांचे स्नेही, यांची ही शेवटची मोहीम. रिप्लेचा कारभार सुरू जाहल्यापासून त्यांचा एकही निकाल उलटला नव्हता, आणि तैसे कोरलेली पितळी पाटी सोमवारचे निरोपाचे मेजवानीस तयार होती. पाटीवरील मजकूर सेवकानेच लिहून दिला होता.

मग चार सेकंद उरले, लाल फौज तीन गुणांनी मागे, आणि लालांचा सेनापती चेंडू फेकावयास हात उगारतो तों हिरव्यांचा एक धिप्पाड गडी त्यावर कोसळला, आणि चेंडू सुटला, आणि हिरव्यांनी तो पोटाशी धरिला. डुएनरावांनी शिटी फुंकून हुकूम दिला की, हात पुढे आला होता, सबब ही नुसती चुकलेली फेक, लालांस आणखी एक डाव. परंतु हात पुढे येण्याआधीच चेंडू निसटला असेल तर चेंडू हिरव्यांचा आणि जंग तमाम. मग हा कज्जा खासा सेवकाचे कचेरीत आला.

सेवकाने पडदा न्याहाळिला. चेंडू हातात स्पष्ट दिसे. एकेक चित्र पुढे सरकविले, आणि हात पुढे आला तरी चेंडू तेथेच, मग सेनापती आडवा जाहला, त्यावर आणखी तिघे पडले, तरी चेंडू अधांतरी तेथेच! ऐसा चमत्कार उभ्या जन्मात पाहिला नाही, म्हणोन सेवकाने चौदा वेळा पाहिला. पाच मिनिटे गेली.

तेव्हा यंत्र चालविणाऱ्या आर्लीनबाई, ज्यांचा सेवकास मोठा धाक, त्या वदल्या, "अरे लॉवेल, तो चेंडू नाही रे बाबा! मोहरीची चटणी आहे. तुझ्या हॉटडॉगची. पडद्यावर सांडलीयस."

आणि त्यांनी फडके उचलिले.

"थांब, थांब! राहू दे तो डाग," सेवक म्हणाला. "नीट दिसत नाही म्हणून सांगू, म्हणजे डुएनचा निकाल तसाच राहील. शेवटचा सामना आहे गं त्याचा."

"आणि ती हिरवी पोरं? ती काय बर्फात गोट्या खेळायला आलीत?"

इतक्यात कानावरील यंत्रातून, जे बंद करावयाचे सेवक विसरला होता, खाली मैदानात उभ्या डुएनरावांचा आवाज आला. "लॉवेल, गाढवा, पूस."

"अरे, पण तुझी पाटी..."

"पूस म्हणतो ना! थंडीनं कान गळून पडायची वेळ आलीय इथं."

पुसले. हात पुढे येण्याआधीच चेंडू निसटलेला, लख्ख. निकाल उलटला, आणि रिवाजाप्रमाणे तो डुएनरावांनीच स्वमुखे बावीस हजारांस ऐकविला. रयत बहुतेक लालांचीच; तिने त्यांस जे म्हटले ते कागदावर उतरविण्याजोगे नाही.

आता पंचांची स्वारी एकाच गाडीतून येते-जाते, आणि सेवकाचे आसन डुएनरावांचे शेजारी. नव्वद मैल गाडी बर्फातून चालली. मग पेट्रोलपंपावर डुएनराव उतरले, आणि दोन हॉटडॉग घेऊन आले, आणि आपल्या हॉटडॉगवर मोहरीच्या चटणीचे डोंगर रचून दुसरा सेवकाचे हाती दिला.

"तुला कोरडा," म्हणाले. "आजपासून कायमचा."

सबब नोंद ऐसी: ऑस्टबीचे रणी हिरव्यांची तीन गुणांनी फत्ते जाहली. सात मिनिटांपैकी पाच मोहरीची, दोन सेवकाच्या भित्रेपणाची. निकाल बरोबर. कोरडा हॉटडॉग सेवकाने शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, हे साहेबांस विदित व्हावे.