नारळ, चावी, होडी

कमरेला खोचलेली चावी सोनाबाईने घरभर शोधली, आणि नेमका त्याच दिवशी मुलगा उरणहून आलेला होता. दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे नेताना कमलेश म्हणाला, "विसरायला होतंय असं डॉक्टर बोलले, तर चौलचं घर बंद. माझ्याकडं यायचं, सातव्या मजल्यावर."

सातव्या मजल्यावर ना परस, ना कोंबड्या, ना कुणाशी दोन घटका भांडायची सोय.

दवाखान्याच्या बाकावर सगळी म्हातारी मंडळी. आतून शेजारवाडीचा हरेश्वर बाहेर आला, तो परीक्षा पास झाल्यासारखा.

"सोपं हाय गो वयनी. डॉक्टर तीन शब्द सांगतो नि मागनं इचारतो. नारळ, चावी, होडी. मी कालच घोकून ठेवलं व्हतं."

सोनाबाईने देवाचं नाव घ्यावं तसा जप सुरू केला. आत गेली तरी ओठ हलतच होते.

"आजी, नाव काय तुमचं?"

"नारळ, चावी, होडी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. कमलेशने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर तरुण होते, पण भोळे नव्हते. "आज शब्द बदलू या," ते म्हणाले. "आंबा, घड्याळ, बैल." मग त्यांनी तिचं बीपी बघितलं, गुडघे वाकवून पाहिले आणि सहज विचारलं, "ते तीन शब्द कोणते होते?"

सोनाबाईला डोळ्यांपुढे सातव्या मजल्याच्या लिफ्टचं दार बंद होताना दिसलं. "नारळ..." एवढंच तोंडातून आलं.

"जरा बाहेर बसता का, आजी?" डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले. कोंबडी धरायची असली की सोनाबाईही अशीच गोड बोलायची.

बाहेर बाकावर ओळखीच्या फरिदाचा नंबर होता. "सोनाबाय, तोंड का उतरलंय? नारळ, चावी, होडीच ना?"

सोनाबाई आपलं दुःख विसरली. "न्हाय गो, तो पेपर फुटला. आता आंबा, घड्याळ, बैल. नि नाव इचारलं तर आधी नाव सांग, माज्यासारखी घाई करू नको."

मागे पडदा हलला. अलिबागच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी हातात धरून डॉक्टर दारात उभे होते, आणि त्यांच्या मागे कमलेश. डॉक्टरांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

"फरिदाबी, तुम्ही थांबा थोडं," ते म्हणाले. "मला नवीन शब्द शोधू द्या."

"चल आई, घरी," कमलेश म्हणाला.

सोनाबाईने बाकाची कड सोडली नाही. "कंच्या?"

"चौलच्या."

रिक्षात बसल्यावर तिचा जीव थाऱ्यावर आला. मग तिचं लक्ष मुलाच्या पायांकडे गेलं.

"कमलेश, चपला?"

त्या दवाखान्याच्या पायरीवरच राहिल्या होत्या. तो अनवाणी परत धावला. लगबगीने येऊन बसला, तेव्हा सोनाबाई हळू आवाजात म्हणाली,

"सातव्या मजल्यावर एकला ऱ्हातोस रं. मला घोर लागतो."